जून बटवा

बुधवार

"स्वाद जाएगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहले हफ़्ते से ही बदलने लगेगा, फिर जाएगा. लौटता है, ज़्यादातर लौटता है. पूरा लौटेगा, ये मैं नहीं कहूँगी."

बाबांनी मान डोलावली. सदतीस वर्षं मंत्रालयात साहेबलोकांपुढे डोलावली, तशीच. शेजारी बसलेली नीरजा स्वतः सेक्शन ऑफिसर, त्यामुळे त्या डोलावण्याचा अर्थ तिला बरोबर कळला: ऐकलं, पटलेलं नाही, सही करतो.

जिभेच्या मुळाशी गाठ होती. सोमवारपासून रेडिएशन, तेहतीस वेळा. गाठ जाईल, असं बाई ठासून म्हणाल्या. चवीबद्दल तेवढं ठासून बोलल्या नाहीत.

मयूर विहारला घरी आल्यावर जुने रिपोर्ट शोधायला नीरजानं बाबांची पत्र्याची ट्रंक पलंगाखालून ओढली. रिपोर्ट मिळाले. त्याखाली बाबांच्या बदल्यांचे कागद, आणि त्याही खाली एक लांबट वही. वर नाव: वासंती.

आईची.

आई गेली तेव्हा नीरजा सात वर्षांची होती. आज ती एक्केचाळीसची आहे, म्हणजे आई होती त्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आईचा आवाज तिला आठवत नाही. चेहरा आठवतो तो फोटोतला. कुठल्याही फोटोत नसलेली, अगदी तिची स्वतःची अशी एकच गोष्ट तिच्याकडे आहे: आर. के. पुरमच्या क्वार्टरमधली गार फरशी, अंगात दोन स्वेटर, मांडीवर स्टीलची ताटली, ताटलीत फुगलेलं तीनकोनी काहीतरी आणि तोंडात एक चव. कसली चव ते येत नाही. आता आठवेल, आता आठवेल म्हणेपर्यंत विरून जातं.

ते तीनकोनी म्हणजे काय, हे बाबांनी तिला कधीच सांगून ठेवलं होतं. तिच्या जन्माआधी बाबा तीन वर्षं रोमला होते, वकिलातीत असिस्टंट म्हणून. घरमालकीण सिन्योरा इडा मूळची जिनोव्हाकडची, समुद्राकाठच्या डोंगरातली. तिला इंग्रजी येत नव्हतं, आईला इटालियन येत नव्हतं. दोघींनी मिळून तीन वर्षं स्वयंपाक केला. दिल्लीला परतल्यावर आई दर थंडीत सिन्योरा इडाचं एक करायचीच. पान्सोती. पीठ लाटून, आत सारण भरून, उकडून, वर अक्रोडाची चटणी.

"आत काय असायचं बाबा?" हे नीरजानं आयुष्यात पन्नास वेळा विचारलं असेल.

"हिरवं," बाबा पन्नास वेळा म्हणाले होते. "हिरवं असायचं आत. चाखलं तर लगेच सांगेन."

चाखलं तर. म्हणजे ती चव आता जगात एकाच जिभेला ठाऊक होती, आणि त्या जिभेकडे गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार एवढंच उरलं होतं.

नीरजानं ऑफिसला रजेचा मेल टाकला. 'कारण' या रकान्यात लिहिलं: घरगुती, तातडीचं.

वही, मधलं एक पान

पान्सोती. सिन्योरा इडाच्या.

मैदा पोळीच्या कणकेहून घट्ट भिजवावा. ती पांढरी वाइन घालते. इथे कुठली? चमचाभर व्हिनेगर चालतं.

पातळ लाटून चौकोन. सारण ठेवून तीनकोनी दुमडावं, कडा दाबाव्या. पोट फुगलेलं हवं.

सारणात ताजं पनीर घट्ट पिळून, एक अंडं, चीज किसून.

बटवा कोवळा घ्यावा. जून बटवा घेऊ नये.

बटव्याला मीठ जपून. त्याचं अंगचं असतं.

चटणीला अक्रोड, दुधात भिजवलेला पाव, एक पाकळी लसूण, तेल.

नीरजानं ते कसं वाचलं

बोट ठेवून. मराठी तिला वाचता येतं, पण मेट्रोच्या पाट्या वाचतो तसं भराभर नव्हे. आई गेल्यावर घरात मराठी बोलणारी माणसं दोनच उरली, आणि दोन माणसांच्या मराठीत भाज्यांची नावं लागतात किती? स्वयंपाकाला बरेलीची बाई होती. भाज्या हिंदीत यायच्या, हिंदीत शिजायच्या. वांगं नीरजाला कळतं. दोडका म्हटलं की जरा थांबावं लागतं.

तर बटवा. बटवा तिला पक्का ठाऊक होता: कापडाची छोटी पोटली, नाडी ओढली की तोंड बंद. बाबा सुपारी ठेवायचे. आई या भरलेल्या पोटल्यांना लाडानं बटवा म्हणत असणार. पोट फुगलेलं हवं, म्हणजे बटवाच की! कोवळा घ्यावा, म्हणजे आवरण नाजूक हवं. मीठ जपून, कारण आतल्या चीजला अंगचं मीठ असतं. सगळं कसं जुळत होतं.

आणि जून बटवा घेऊ नये. अर्थात. दिल्लीच्या जूनमध्ये मैद्याचं पीठ अर्ध्या तासात आंबेल. पण हा डिसेंबर होता, बाहेर धुकं होतं. ही ओळ आपल्या कामाची नाही म्हणून नीरजानं ती सोडून दिली.

फक्त हिरवं काय, ते आईनं लिहिलेलंच नव्हतं. विसरली असेल. की तिला इतकं ठाऊक होतं, की लिहावंसं वाटलं नसेल?

बाबांना तिनं एवढंच सांगितलं, "आई म्हणते पोटली नाजूक हवी."

"मग कर नाजूक," बाबा म्हणाले. "मी कुठे नको म्हणतोय. पण नीरू, एवढा खटाटोप कशाला? मुगाची खिचडी कर, मी सुखानं खाईन."

"खिचडी सोमवारनंतर."

"सोमवारनंतर मला खिचडी नि खडू सारखंच लागणार."

"म्हणूनच."

गुरुवार

पालक.

बाबांनी एक पोटली तोंडात घातली. चावणं आता हळूहळू चालायचं, गिळताना डोळे मिटायचे. गिळून झाल्यावर त्यांनी पाणी प्यायलं, रुमालानं ओठ टिपले आणि ऑफिसातला आवाज काढला.

"प्रस्ताव पाहिला. नामंजूर."

"कारण?"

"पालक मला कळतो गं. साठ वर्षं खातोय. हा तो नव्हे."

"मग तो कसा होता?"

"हिरवा."

"बाबा!"

"आता यार, मी काय करू? मी खाणारा माणूस. जेवायला बसलं की पुढे ताट येतं, एवढंच मला ठाऊक. आत काय, कुठून आणलं, हे विचारायची पद्धत नव्हती." मग जरा वेळानं, आवाज उतरवून म्हणाले, "विचारायला हवं होतं."

शुक्रवार

सकाळी मेथी. "कडू. वासंतीचं कडू नसायचं."

दुपारी मेट्रोनं आय. एन. ए. मार्केट. तिथला दुकानदार परदेशी पाल्याच्या जुड्या बर्फावर मांडून बसलेला. नीरजानं त्याला सरळ विचारलं, इटलीत पोटल्यांमध्ये भरतात तो पाला कोणता. "सब यही भरते हैं मैडम," असं म्हणत त्यानं तीन निरनिराळ्या जुड्या पिशवीत घातल्या. संध्याकाळी तिन्ही वेगवेगळ्या शिजल्या. बाबांनी पहिला घास तोंडात फिरवला आणि म्हणाले, "हे पिझ्झावाल्याचं." दुसऱ्याला म्हणाले, "हे मोहरीसारखं नाकात जातंय." तिसरा त्यांनी बशीच्या कडेला काढून ठेवला.

आवरण मात्र आता कोवळं व्हायला लागलं होतं. लाटण्याखाली इतकं पातळ, की ओट्याच्या दगडातले ठिपके आरपार दिसावेत. त्यातल्या निम्म्या पोटल्या उकळत्या पाण्यात फुटल्या. नीरजानं परत पीठ भिजवलं. तेही फुटलं. मनगट सुजल्यासारखं झालं. तिनं ओढणी घट्ट गुंडाळली आणि तिसऱ्यांदा भिजवलं, कारण आईनं लिहिलं होतं ना, कोवळा घ्यावा. अजून कोवळा. अजून.

काय नव्हतं

पालक नव्हता. मेथी नव्हती. बर्फावरचं काहीच नव्हतं. मोहरीचा पाला नव्हता, तो शनिवारी सकाळी करून झाला. मुळ्याचा पाला नव्हता. कोथिंबीर तर नव्हतीच, ती नुसती हताश होऊन घातली होती, आणि बाबा त्यावर पहिल्यांदाच चिडले. "मला जीभ आहे अजून," म्हणाले. "सोमवारपर्यंत आहे."

नीरजानं बशी उचलून नेली. कुकरची शिट्टी शेजारच्यांकडे झाली.

शनिवार, दुपार

तळमजल्यावरच्या प्रमोदिनीकाकू वाटीभर मऊ खिचडी घेऊन वर आल्या. मूळच्या सांगलीच्या. लग्न होऊन दिल्लीला आल्या त्याला बेचाळीस वर्षं झाली, पण हिंदी बोलल्या तरी ते सांगलीतूनच निघून यायचं.

"श्यामभावजी, जेवा बघू," त्यांनी वाटी बाबांपुढे ठेवली आणि स्वयंपाकघरात डोकावल्या. ओटाभर पीठ. गाळणीत फुटक्या पोटल्या. आठ प्रकारच्या पाल्यांची देठं. "अगं बाई! हे काय, लग्नघर?"

"इटालियन आहे काकू."

"घरात आजारी माणूस, आणि हिचं इटालियन फिटालियन."

"आईचं आहे," नीरजा म्हणाली.

काकूंनी पदर खोचला. याच्यापुढे त्यांनी टोमणा मारला नाही. एक पोटली बोटांत धरून उजेडात पाहिली. "किती पातळ लाटलंस गं. फुटणारच."

"आईनंच लिहिलंय, बटवा कोवळा हवा. आणि जूनमध्ये करायचाच नाही म्हणते. तसं बरंय, आपण डिसेंबरात आहोत."

काकू थांबल्या. "कुठे म्हणते?"

"वहीत."

"वाच. जसंच्या तसं वाच. तुझं नको सांगूस, तिचं वाच."

नीरजानं पिठाचे हात पुसले, वही घेतली, बोट ठेवलं. "बटवा कोवळा घ्यावा. जून, बटवा घेऊ नये."

"परत."

"जून बटवा घेऊ नये."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला, आणि मग त्या इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. "अगं माझी दिल्लीकरीण! जून म्हणजे महिना नव्हे गं! जून. जुनाट. निबर! भेंडी जून झाली की सुरीखाली करकरते ना, ती जून. वांगं जून झालं की आत बिया. भाजीला म्हणतात जून!"

"पण बटवा..."

"भाजी!" बाहेरच्या खोलीतून बाबा ओरडले. गाठ असलेल्या माणसानं इतकं मोठ्यानं ओरडू नये. ते हातात खिचडीचा चमचा तसाच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "बटवा! चंदनबटवा! आमच्या नगरला माझी आई करायची ताक घालून. नीरू, तू मला बटवा म्हणालीच नाहीस. तीन दिवस पोटली पोटली करतेयस!"

"तुम्हीच कधी वही उघडून बघितली असती तर?"

"तिच्या स्वयंपाकाच्या वहीत मी कधी डोकावलो नाही," बाबा म्हणाले. "ती गेल्यावर तर नाहीच नाही."

नीरजा खाली बसली. ओट्याला पाठ लावून, पिठातच. चार दिवसांतले तीन गेले होते. तीन दिवस ती आईचं ऐकत होती, शब्द न् शब्द पाळत होती, आणि आई भलतंच काहीतरी सांगत होती. मीठ जपून, त्याचं अंगचं असतं. भाजीचं! पाल्याचं अंगचं मीठ! आई हिरवं लिहायला विसरली नव्हती. तीनदा लिहिलं होतं तिनं.

"रडतेस काय?" काकू म्हणाल्या.

"नाही." आणि ती खरंच रडत नव्हती. उठून तिनं कुडत्यावरचं पीठ झटकलं. "चंदनबटवा कुठे मिळेल काकू?"

काकूंचं हसू मावळलं. "तीच तर गोम आहे. बेचाळीस वर्षांत दिल्लीत मी बघितला नाही. इथे येतच नाही तो."

शनिवार, दुपार, तिथूनच पुढे

"मग वासंतीनं कुठून आणला?" हा प्रश्न बाबांचा. खिचडी निवत होती. ते डायनिंग टेबलाशी बसून कपाळ चोळत होते, जुनी फाइल आठवायला बसल्यासारखे. "बाजारातून नाही. बाजार मी आणायचो, यादी माझ्याकडे असायची. यादीत नसायचा तो." थांबले. "पदरात आणायची. हां. पदराचा ओचा करून. क्वार्टरच्या मागे रिकामा प्लॉट होता, तिथून. मी म्हणायचो, असिस्टंटची बायको गवत खुडत फिरते, लोक काय म्हणतील? तर म्हणायची, रोममध्ये सिन्योरा इडा रस्त्याकडेचं खुडायची, तिला कोणी काही म्हणालं नाही."

"गवत?" काकू म्हणाल्या. "थंडीत उगवणारं? पानाच्या मागे पांढरं, पिठी लावल्यासारखं?"

"पदराला पांढरं लागायचं खरं."

"अहो, मग बथुआ तो! चंदनबटव्याचा चुलतभाऊ. आपला चाकवतच म्हणा ना. इथे ढिगानं मिळतो, लोक पराठे करतात." काकू नीरजाकडे वळल्या. "तुझ्या आईला गावाकडचं नाव तोंडात बसलेलं. बथुआ ऐकलं असेल, बटवा लिहिलं असेल. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं असेल बाईला."

बथुआ. नीरजानं आयुष्यभर खाल्लेला बथुआ. बरेलीच्या बाईच्या रायत्यातला, ऑफिसच्या कॅन्टीनमधल्या पराठ्यातला. दर हिवाळ्यात दारावरून जाणारा.

रविवार

सकाळी साडेसातला धुक्यात भाजीची गाडी आली. नीरजा शाल गुंडाळून खालीच उभी होती. बथुआच्या जुड्या होत्या. तिनं एक उचलली, देठ नखानं दाबून पाहिलं. नख आत जाईना. शेंड्याला बारीक तुरे आलेले.

"भैया, ये तो जून है."

भाजीवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. "दिसंबर है मैडम जी. तबीयत ठीक है?"

"मतलब, पक गया है. कोमल चाहिए, एकदम कोमल."

"कोमल तो खादर में मिलेगा, जड़ से. सब्ज़ी यहाँ तक आते-आते बूढ़ी हो जाती है, जैसे हम."

म्हणून ती खादरात गेली. हायवे ओलांडला की यमुनेनं मागे सरकून सोडलेली जमीन लागते. तिथे लोक गहू, मुळा, फ्लॉवर लावतात, आणि वरच्या पुलावरून मेट्रो जाताना खाली कोणी बघत नाही. नीरजा रोज त्या मेट्रोत असते. आज ती खालून बघत होती. बूट चिखलात रुतत होते. गव्हाच्या रोपांत एक बाई उकिडवी बसून तण काढत होती. बाजूला उपटलेल्या तणाचा ढीग, आणि त्या ढिगात अर्धा बथुआ.

"ले जाओ जी," बाई म्हणाली, "हमें तो उखाड़ना ही है. खड़ा वाला भी तोड़ लो."

ती बाईच्या शेजारी उकिडवी बसली. वरची चार-सहा पानंच खुडायची, खालचं सोडायचं. बोटं गारठली, मग बधिर झाली, तरी थांबली नाही. एक पिशवी भरली. शिजल्यावर मूठभर होईल हे तिला तीन दिवसांत कळून चुकलं होतं, म्हणून दुसरी भरली. बाबांचा फोन आला. रविवारी सकाळी दोघं न चुकता चर्चला जायची.

"कुठेयस? चर्चला जायचं नाही का आज?"

"आज नाही बाबा. तुम्ही अंघोळ करा. आणि काही खाऊ नका. चहासुद्धा नको."

"बिनचहाचा रविवार? रेडिएशन बरं याच्यापेक्षा."

घरी येऊन तिनं पाला पाच पाण्यांतून काढला. दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बाहेर, लगेच पिळून. पाणी गर्द हिरवं. पनीर, अंडं, चीज. आवरण या वेळी जरा जाड लाटलं, कारण आवरण कोवळं हवं असं कोणीच म्हटलेलं नव्हतं. एकही पोटली फुटली नाही. अक्रोड वाटले. मीठ जपून घातलं.

बाबा टेबलाशी बसले होते. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. तिनं बशी ठेवली आणि समोर बसली नाही, उभीच राहिली.

पहिला घास. डोळे मिटले. गिळायला वेळ लागला. पाणी न पिता त्यांनी दुसरा घेतला.

"बाबा?"

"थांब."

तिसरा.

"हे आहे," बाबा म्हणाले. मग लगेच मान हलवली. "हे आहे, पण तिचं नाही."

"काय कमी आहे? बाबा, हिरवं म्हणू नका. विचार करा. काय कमी?"

बाबांनी खरंच विचार केला. जीभ टाळूला लावली, सोडली. "मीठ," म्हणाले.

"तिनंच लिहिलंय मीठ जपून."

"लिहिलं असेल. लिहिताना सिन्योरा इडाचं ऐकून लिहिलं. करताना स्वतःचं केलं. वासंतीचा हात खारट होता, नीरू. भाजी खारट, आमटी खारट. मी रोज म्हणायचो, आणि ती रोज म्हणायची, उद्या कमी घालीन." ते हसले. "घाल. चटणीत घाल. अजून. घाबरू नकोस. अजून एक चिमूट."

तिनं घातलं. त्यांनी नवी पोटली त्या चटणीत बुडवली, खाल्ली. खात राहिले. चार, पाच, आठ. गळा दुखत असणार, गिळताना मानेची शीर ताणली जात होती. अकरा झाल्यावर त्यांनी बशी तिच्याकडे सरकवली.

"आता तू."

नीरजा बसली. तिला वाटलं होतं, हा घास तोंडात गेला की ती फरशी परत येईल, ते दोन स्वेटर येतील, कदाचित फोटोत नसलेला एखादा चेहराही. तिनं खाल्लं. चांगलं लागलं. खारट लागलं. फरशी आली नाही. कोणीच आलं नाही. चौतीस वर्षं जपलेलं काहीतरी या चवीला येऊन मिळेल म्हणून ती वाट पाहत होती, आणि ते कधीच पुसून गेलेलं होतं. तिला नुसती जागा आठवत होती. चव नव्हती आठवत.

"आठवलं?" बाबांनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," ती म्हणाली.

बाबा खुर्ची मागे सारून उठले, ओट्यावरची वही उचलली, मिटली आणि फ्रिजवर ठेवली. "दुसरी पिशवी आहे ना पाल्याची?"

"आहे."

"चलो. परत कर. न बघता."

"आत्ता? बाबा, तुम्ही दमलात."

"उद्यापासून दमायला तेहतीस दिवस आहेत. आज माझी जीभ आहे. आठवत नाही म्हणतेस ना? ठीक. मग आठवायच्या भानगडीत पडू नकोस. शीक. मला जे कळतं ते तुला कळेपर्यंत करायचं." ते स्वयंपाकघरात स्टूल घेऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते तिथे बसले होते. "आणि मला काही काम दे. कडा दाबतो."

तिनं पीठ भिजवलं. पाला उकडत ठेवला, आणि बाबांना कडा दाबायला शिकवण्यात रमली. त्यांच्या पोटल्या सरकारी पाकिटांसारख्या चपट्या, सगळ्या एका मापाच्या. "पोट फुगलेलं हवं बाबा." "माझं कुठे फुगलंय?" पनीर, अंडं, चीज. मीठ, चिमटीनं नव्हे, हातानं.

दोन बश्या. दोघं एकदमच जेवायला लागली. बाबांनी एक पोटली खाल्ली, चमचा खाली ठेवला. चेहऱ्यावर काहीच नाही.

"काय?" नीरजानं विचारलं.

"तू सांग. मी सांगणार नाही."

तिनं खाल्लं. परत एक खाल्ली, हळू, बाबा गिळतात तसं डोळे मिटून. मघाशी मीठ आधी लागलं होतं, आणि मग उशिरानं, घशाजवळ, काहीतरी ओलसर, मुळाजवळचं, उपटलेल्या तणाच्या ढिगासारखं. आता मीठ होतं. अक्रोड होता. पण ते मागून येणारं येत नव्हतं. तिथे नुसतं मऊ होतं.

"पाला जास्त उकडला," ती म्हणाली. "तुम्हाला कडा शिकवत बसले आणि आचेवर राहिला. मघाचं मागून येत होतं ते गेलंय. मेलंय."

बाबांनी टेबलावर हात ठेवला, तळहात सपाट. "बरोबर."

"खरंच?"

"बिल्कुल. शब्द मलाही माहीत नव्हता, पण तेच. मागून येणारं."

घड्याळात सव्वादोन झाले होते. उद्या नऊला त्यांना हॉस्पिटलात पोचायचं होतं. पिशवीच्या तळाशी अजून दोन मुठी पाला होता. चार-सहा पोटल्यांपुरता, जेमतेम. नीरजानं तो निवडायला घेतला. एक-एक पान उलटं करून, मागची पांढरी पिठी अंगठ्यानं चाचपून, जून निघालेलं बाजूला टाकत.

"गॅस लावू?" बाबांनी विचारलं.

"लावा. आणि दोन मिनिटं झाली की ओरडा."

"वहीत लिहायचं नाही, नुसतं ओरडू?"

"ओरडा," नीरजा म्हणाली आणि पाला धुवायला नळाखाली धरला.